लिंक्ड लिस्ट वापरून मोठ्या संख्यांची बेरीज (सी भाषा) – माझा प्रोग्रॅम तपासून द्याल का?

पाटीवरचाअंक

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखा. डेटा स्ट्रक्चरच्या प्रॅक्टिकलला 'लिंक्ड लिस्ट वापरून दोन संख्यांची बेरीज' असा प्रयोग आहे (लिंक्ड लिस्ट म्हणजे 'नोड' नावाच्या घरांची साखळी, प्रत्येक घरात एक अंक आणि पुढच्या घराचा पत्ता, म्हणजे पॉइंटर). सी मध्ये १४० ओळींचा प्रोग्रॅम लिहिलाय, फाइल सोबत जोडली आहे. कसा चालतो ते थोडक्यात सांगते.

दोन्ही संख्या वीस अक्षरांच्या अ‍ॅरेत वाचते. एकेक अंक घेऊन लिस्टच्या शेवटी नोड जोडते, म्हणजे ४०७ टाइप केले की लिस्ट होते ४ → ० → ७. मग ओळ ५८ ते ७९ मध्ये प्रत्येक लिस्टवरून फिरून 'आतापर्यंतची संख्या गुणिले दहा, अधिक हा अंक' करत पूर्ण संख्या इंटमध्ये (सी चा साधा पूर्णांक) आणते. दोन्ही इंटची बेरीज करते. उत्तराला पुन्हा दहाने भागत अंक पाडते आणि त्यांची तिसरी लिस्ट बनवते.

लहान संख्यांना उत्तर बरोबर येते. पण ९९९९९९९९९९ + १ केले तर १४१००६५४०८ येते. लॅबमध्ये टर्बो सी हा जुना कंपायलर आहे, तिथे ४०००० + १ केले तर नुसती रिकामी ओळ छापली जाते, घरी जीसीसी कंपायलरवर मात्र ४०००१ बरोबर येते. आणि ० + ० ला दोन्हीकडे रिकामी ओळ. लॉजिक तर एकच आहे, मग तीन ठिकाणी तीन तऱ्हा कशा?

हातचाएक

फाइल पूर्ण वाचली. इंडेंटेशन नीट आहे, फंक्शनं वेगळी काढली आहेस, नावं वाचून कळतात. दुसऱ्या वर्षाच्या मानाने खरंच छान लिहिलंय.

आता तुझ्या तीन तऱ्हा. टर्बो सी मध्ये इंट १६ बिटांचा असतो, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. तिथे ४०००१ चे होतात -२५५३५. ओळ ७१ वर तुझी अट आहे 'जोपर्यंत संख्या शून्याहून मोठी आहे तोपर्यंत अंक पाड'. संख्या उणे, म्हणून लूप एकदाही फिरत नाही, लिस्ट रिकामी राहते. ० + ० लाही हीच अट आडवी येते, कारण शून्य हे शून्याहून मोठं नाही. म्हणजे दोन लक्षणं, पण दुखणं एकाच ओळीत.

जीसीसीवर इंट ३२ बिटांचा, मर्यादा २१४७४८३६४७. दहा नऊ त्यात मावत नाहीत. ९९९९९९९९९९ मधून ४२९४९६७२९६ दोनदा वजा करून बघ, १४१००६५४०७ उरतात. त्यात एक मिळव. तुझं 'चुकीचं' उत्तर असं आलं.

इंटऐवजी त्याहून मोठा लाँग लाँग घेतलास तर मर्यादा थोडी पुढे सरकेल, एवढंच. खरी अडचण वेगळी आहे. इंटमध्ये न मावणाऱ्या संख्यांसाठी आपण लिस्ट घेतली, आणि बेरीज करायच्या वेळी तीच लिस्ट पुन्हा इंटमध्ये ओतली. हंडाभर पाणी वाटीत मोजायला बसलो तर बाकीचं सांडणारच. ओळ ५८ ते ७९ संपूर्ण काढून टाक. बेरीज नोडवरच कर, चौथीत वहीवर करायचीस तशी: एकक खाली एकक, हातचा पुढच्या घरात.

पाटीवरचाअंक

दादा, हे आधी करून बघितलं होतं. पण लिस्टचा पहिला नोड सगळ्यात डावा अंक असतो आणि बेरीज उजवीकडून करायची असते. शेवटच्या नोडवरून मागे येता येत नाही. म्हणून इंटचा रस्ता धरला. बेरीज डावीकडून करता येणारच नाही का?

गणिताचीताई

मी शाळेत गणित शिकवते, प्रोग्रॅमिंग जेमतेम येतं, पण या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटलं.

डावीकडून बेरीज करता येते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला लिहिलेल्या 'लीलावती'त स्थानं जुळवून बेरीज क्रमाने करा किंवा उलट क्रमाने करा, दोन्ही चालतं असं म्हटलंय. पण तेव्हा हिशेब धूळपाटीवर व्हायचा. डावीकडून करताना पुढे हातचा निघाला की आधी लिहिलेला अंक बोटाने पुसायचा आणि एकाने वाढवायचा. ९९९ मध्ये १ मिळवताना तर तिन्ही अंक पुसावे लागतात.

म्हणजे डावीकडून बेरीज करायची तर मागच्या घरात परत जाता आलं पाहिजे. तुझ्या लिस्टला ते जमत नाही असं तूच म्हणतेस.

हातचाएक

ताई, अगदी मोक्याचं बोललात.

तर मग लिस्टच उलटी ठेवायची. ४०७ हे ७ → ० → ४ असं. पहिला नोड एककाचा, मग दशक, मग शतक. बेरीज हेडपासून, म्हणजे पहिल्या नोडपासून सुरू होईल आणि हातचा पॉइंटरबरोबर पुढे सरकत जाईल. मागे वळायची वेळच येणार नाही.

आणि लिस्ट उलटी करायला वेगळं फंक्शन लिहू नकोस, लागत नाही. आत्ता तू प्रत्येक अंक शेवटी जोडतेस, त्यासाठी दर वेळी हेडपासून शेवटापर्यंत चालत जातेस (ओळ ३१ ते ४४). त्याऐवजी नवा नोड हेडच्या आधी जोड. ४ आला, लिस्ट ४. ० आला, ० → ४. ७ आला, ७ → ० → ४. माणूस डावीकडून टाइप करतो आणि लिस्ट आपोआप एककापासून तयार होते. चौदा ओळींच्या जागी दोन ओळी येतील, शिवाय चालत जाण्याचा खर्च वाचेल.

याच ओघात वीस अक्षरांचा अ‍ॅरेही जाऊ दे. एकविसावं अक्षर आलं की तो शेजारच्या मेमरीत लिहितो. एकेक अक्षर वाच, अंक असेल तर नोड बनव, एंटर आला की थांब. लांबीची मर्यादाच उरणार नाही.

मोडीलिपी

एक शंका. हे सगळं लिंक्ड लिस्टवर करण्यात अर्थ आहे का? पायथॉनमध्ये कितीही मोठा पूर्णांक चालतो आणि आत सलग अ‍ॅरे असतो, नेहमीच्या ६४ बिट बिल्डमध्ये एका घरात ३० बिट. मोठ्या संख्यांच्या हिशेबाची जीएमपी लायब्ररी १९९१ पासून आहे, तीही सलग घरंच वापरते. लिस्टमध्ये एका अंकासाठी चार बाइटचा इंट, आठ बाइटचा पॉइंटर, मधे चार बाइट रिकामे, असे १६ झाले. त्यावर लिनक्सचा नेहमीचा मॅलॉक (मेमरी मागून घेणारं फंक्शन) ६४ बिट मशीनवर ३२ बाइटपेक्षा लहान तुकडा देतच नाही. ० ते ९ मधला एक अंक ठेवायला ३२ बाइट!

शेवटचानोड

हिशेब बरोबर आहे, आणि नोकरीत कुणी असा कोड दाखवला तर मीही अ‍ॅरेच सुचवेन. पण प्रयोग लिस्टचा आहे, आणि शिकायला मला हा फार आवडतो. पॉइंटर कुठे सरकतो, नोड कोण बनवतं, कोण मोडतं, हे सगळं यात हाताने करावं लागतं आणि उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळतं.

जागा वाचवायचीच असेल तर एका नोडमध्ये एका अंकाऐवजी नऊ अंक ठेवता येतात. दोन नोडची बेरीज हातच्यासकट जास्तीत जास्त १९९९९९९९९९ होते, ती ३२ बिट इंटमध्ये मावते. फक्त छापताना सगळ्यात वरचा नोड सोडून बाकीचे नऊ घरं भरून, पुढे शून्यं लावून छापायचे. नाहीतर १००००००००१ चे ११ दिसतील. पण हे नंतर. आधी एक अंकी नोड पक्का होऊ दे.

पाटीवरचाअंक

दुसरी आवृत्ती जोडली आहे. १४० वरून ९६ ओळी झाल्या. दहा नऊ अधिक एक केल्यावर दहा शून्यं येतात! पुढचा १ कुठे गेला कळत नाही. ९९९ + १ ला ००० येते. ९९९ + १००० मात्र बरोबर.

शेवटचानोड

तुझे तीन लूप आहेत: दोन्ही लिस्ट शिल्लक असताना, फक्त पहिली शिल्लक असताना, फक्त दुसरी शिल्लक असताना. तिन्ही लूप संपल्यावर हातच्यात १ उरलाय आणि फंक्शन तिथेच रिटर्न करतं. ९९९ + १००० मध्ये शेवटी हातचा उरत नाही, म्हणून ते बरोबर आलं.

खाली 'हातचा असेल तर आणखी एक नोड' अशी ओळ घातलीस तर चालेल. पण मग एकच काम चार जागी होईल, आणि उद्या एका जागी दुरुस्ती करून तीन जागी राहून जाईल. मी असं लिहीन (तुझ्याच नावांनी, मराठीत):

जोपर्यंत (अ आहे किंवा ब आहे किंवा हातचा आहे)
  एकूण = हातचा
  अ असेल तर: एकूण मध्ये अ चा अंक मिळव, अ पुढे सरकव
  ब असेल तर: एकूण मध्ये ब चा अंक मिळव, ब पुढे सरकव
  एकूण ला दहाने भागून उरलेल्या बाकीचा नवा नोड उत्तराच्या शेवटी जोड
  हातचा = एकूण भागिले दहा

लिस्ट संपली म्हणजे तिथे शून्य आहे असं समजायचं, जसं आपण वहीत रिकामी जागा शून्य धरतो. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची: दोन्ही लिस्ट संपल्या तरी हातचा असेपर्यंत लूप थांबत नाही. उत्तराच्या शेवटी जोडायला 'शेवट' नावाचा पॉइंटर धरून ठेव, म्हणजे दर वेळी चालत जावं लागणार नाही. 'उत्तराची लिस्ट रिकामी आहे का?' ही तपासणीही नको असेल तर एक डमी नोड आधी ठेव आणि रिटर्न करताना त्याच्या पुढचा नोड दे.

कागदावर एकदा ९९९ + १ चालव. पहिली फेरी: ९ + १ = १०, नोड ०, हातचा १, ब संपली. दुसरी: १ + ९, नोड ०, हातचा १. तिसरी तशीच, अ संपली. चौथी फेरी फक्त हातच्यासाठी: नोड १, हातचा ०. लिस्ट ० → ० → ० → १. छापताना १०००.

गणिताचीताई

वजाबाकी करणार असशील तर एक सांगते. हल्ली मुलांना शेजारच्या घरातून उसना घ्यायला शिकवतात. १००० - १ मध्ये शेजारी शून्य, त्याच्या शेजारी शून्य, मुलं थेट हजाराच्या घरापर्यंत उसनवारी करत जातात. मला लहानपणी आजोबांनी वेगळी रीत शिकवली होती: वरच्या अंकात दहा मिळव आणि पुढच्या घरात खालच्या अंकात एक वाढव. शून्यांच्या रांगेतून पळावं लागत नाही, प्रत्येक घरात तिथल्या तिथे निकाल लागतो. तुमच्या हातच्यासारखंच वाटतं.

हातचाएक

ताई, हीच रीत प्रोग्रॅममध्ये चपखल बसते. हातच्याच्या जागी 'उसना' नावाचं एक व्हेरिएबल, त्यात ० किंवा १. लूपचा आकार जवळजवळ तोच.

पाटीवरचाअंक, वजाबाकीत दोन गोष्टी जास्तीच्या आहेत. आधी मोठी संख्या कोणती ते ठरव, मोठीतून लहान वजा कर, चिन्ह वेगळं ठेव. आणि १००० - ९९९ चं उत्तर १ → ० → ० → ० असं येईल, छापताना ०००१. ती शून्यं लिस्टच्या शेवटाला असतात, म्हणून उत्तर बनवतानाच 'शून्य नसलेला शेवटचा नोड' लक्षात ठेव आणि त्याच्या पुढचे मोकळे कर. सगळेच शून्य असतील तर एक नोड ठेव. तुझी ० + ० ची रिकामी ओळ आठवते ना?

शेवटचानोड

आता मेमरी. अख्ख्या फाइलमध्ये मॅलॉक आहे, घेतलेली मेमरी परत करणारा फ्री एकदाच, आणि तोही चुकलाय. ओळ ८८ वर तू आधी नोड फ्री करतेस आणि मग त्याच नोडमधून पुढचा पत्ता वाचतेस. घर पाडून झाल्यावर आतल्या भिंतीवर लिहिलेला पत्ता वाचायला जाण्यासारखं आहे हे. आज चालतंय, कारण ती जागा अजून कुणी वापरलेली नाही. पुढचा पत्ता आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये घे, मग फ्री कर.

दुसरं, मेनमध्ये 'अ = बेरीज(अ, ब)' लिहिलंयस. बेरीज नवी लिस्ट देते, अ आता तिच्याकडे बोट दाखवतो, आणि जुन्या अ चे सगळे नोड कायमचे हरवतात. उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घे, जुनी अ मोकळी कर, मग अ ला नवी दे. प्रत्येक फंक्शनच्या वर एक ओळ लिहायची सवय लाव: हे नवी लिस्ट देतं की आहे तीच बदलतं, आणि मोकळी करायची जबाबदारी कोणाची.

जीसीसीवर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चालू करून कंपाइल कर. फ्री केलेली जागा वाचलीस तर ओळीच्या नंबरासकट सांगेल, लिनक्सवर शेवटी हरवलेली मेमरीही मोजून देईल.

पाटीवरचाअंक

सॅनिटायझर लावला, ओळ ८८ लगेच पकडली. इतके दिवस ते बरोबर चालतंय असंच मी समजत होते. दोन्ही दुरुस्त्या केल्या.

मग हुरूप आला म्हणून फॅक्टोरियल (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार) करायला घेतलं. लिस्टला एका लहान संख्येने गुणणारं फंक्शन लिहिलं, ते नवी लिस्ट बनवत नाही, आहे तीच बदलते. प्रत्येक नोडला: अंक गुणिले संख्या, अधिक हातचा, बाकी नोडमध्ये, भागाकार हातच्यात. नोड संपल्यावर 'हातचा असेल तर एक नोड जोड'.

३३ फॅक्टोरियलपर्यंतची सगळी उत्तरं पायथॉनशी अंकन् अंक जुळतात. ३४ ला सुरुवातीला -१३४२६३९३०-६ असं येतं आणि पुढचे २९ अंक पुन्हा बरोबर! काल रात्री एक वाजेपर्यंत बसले होते, काही कळलं नाही.

हातचाएक

खूप छान बग आहे हा, आणि तू लक्षण नेमकं सांगितलंस म्हणून सापडला.

बेरजेत एका घरात जास्तीत जास्त ९ + ९ + १ म्हणजे १९ होतात, हातचा एकाच्या वर कधीच जात नाही. गुणाकारात तसं नाही. १५ ने गुणताना हातचा १४ पर्यंत जाऊ शकतो. दोन अंकी हातच्याला दोन नोड हवेत, तू एकच जोडतेस.

१४ फॅक्टोरियल ११ अंकी, तुझ्याकडेही ११ नोड. १५ फॅक्टोरियल १३०७६७४३६८०००, १३ अंकी. तुझ्याकडे १२ नोड, आणि शेवटच्या नोडमध्ये '१३'. छापताना १३ दिसतं, नजरेला काही खटकत नाही. पुढच्या गुणाकारातही किंमत बिघडत नाही, कारण १३ ही त्या जागेची खरीच किंमत आहे. पण तिथून प्रत्येक गुणाकाराला एकच नोड वाढतो आणि शेवटचा नोड फुगत जातो. ३३ फॅक्टोरियलला ३७ अंक आणि ३० नोड, शेवटच्या नोडमध्ये ८६८३३१७६. त्याला ३४ ने गुणून हातचे ६ मिळव: २९५२३२७९९०. इंटची मर्यादा ओलांडली. त्यातून ४२९४९६७२९६ गेले, उरले -१३४२६३९३०६. दहाने भागल्यावर बाकी -६, भागाकार -१३४२६३९३०. हेच दोन नोड तुझ्या पडद्यावर आले. (सी च्या नियमाप्रमाणे इंट असा ओसंडला तर काय होईल याची हमी नाही, दुसऱ्या कंपायलरवर वेगळं काही येऊ शकतं.)

म्हणजे पहिल्या आवृत्तीतली तीच चूक: संख्या नकळत पुन्हा एका इंटमध्ये साठत होती.

दुरुस्ती एका शब्दाची आहे. 'हातचा असेल तर' ऐवजी 'हातचा असेपर्यंत': बाकीचा नोड, भागाकार पुन्हा हातच्यात. आणि तपासणीत छापील उत्तराबरोबर नोडची संख्याही मोज. ती मोजली असतीस तर १५ लाच सापडलं असतं.

मोडीलिपी

मी वर शंका काढली होती ती मागे घेतो. हा ३४ चा प्रकार वाचताना स्वतः कागद घेऊन बसलो.

पाटीवरचाअंक

'तर' चं 'पर्यंत' केलं. १५ ला १३ नोड, ३३ ला ३७, ३४ ला ३९. मग १०० फॅक्टोरियल चालवलं. १५८ नोड, शेवटी २४ शून्यं, पायथॉनशी पूर्ण जुळलं. सॅनिटायझरने एक अक्षर काढलं नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार धरून १०४ ओळी झाल्या. सर्वांचे खूप खूप आभार. ताई, तुमच्या आजोबांची रीत वजाबाकीच्या फंक्शनवर कॉमेंटमध्ये लिहून ठेवली आहे. तिसरी आवृत्ती जोडली आहे, उद्या सबमिशन.

गणिताचीताई

वाचून फार बरं वाटलं. उद्या वर्गात १००० - १ दोन्ही रीतींनी करून घेते.

शेवटचानोड

तिसरी आवृत्ती वाचली. ओळ २२ वरचा कॉमेंट अजून 'नवा अंक लिस्टच्या शेवटी जोडतो' असं सांगतोय. आता आपण सुरुवातीला जोडतो. तेवढा बदल.

पाटीवरचाअंक

बदलला दादा.